वाढत्या वयातील मुलांचा टाळू आणि दात



दात वेडेवाकडे दिसले की आपण म्हणतो, "दुधाचे दात पडू द्या, मग बघू." पुष्कळदा हे खरे ठरते. पण वरचा जबडाच अरुंद असेल, तर वाट पाहणे महागात पडते. एवढी एकच गोष्ट मी आज सांगणार आहे.

डब्याचे झाकण डब्याच्या बाहेरून बसते, तशा वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेर बसायला हव्यात. मुलाला दाढा मिटायला सांगून ओठ बाजूला करून पाहा. वरच्या दाढा आत जात असतील किंवा दात मिटताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर दंतवैद्यांना दाखवा. पुढे जबड्याची वाढही वाकडी होण्याचा संभव असतो. अंगठा चोखण्याची सवय व तोंडाने श्वास घेणे, ही याची काही कारणे होत.

आपला टाळू म्हणजे एकसंध हाड नव्हे. दोन अर्धे भाग मध्यभागी एका सांध्याने जोडलेले असतात. वाढत्या वयात हा सांधा उघडता येतो. अमेरिकेतील इमर्सन अँजेल या दंतवैद्यांनी १८६० साली एका मुलीवर केलेला असा उपचार प्रसिद्ध केला. त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांच्या लेखनानंतर ही पद्धत पुन्हा रुजली.

या उपकरणाला 'एक्स्पांडर' म्हणतात. ते वरच्या दाढांना बसवतात. मधल्या स्क्रूला लहान चावीने पाव फेरा दिला की साधारण पाव मिलिमीटर रुंदी वाढते. घरी आईवडिलांनीच हा फेरा द्यायचा; रोज किती, हे डॉक्टर ठरवतात. काही दिवसांत समोरच्या दोन दातांत फट पडते. घाबरू नये, सांधा उघडल्याची ती खूण आहे. ही फट पुढे बहुधा आपोआप मिटते. रुंदी मिळाल्यावरही उपकरण काही महिने तोंडात ठेवावे लागते, कारण मोकळ्या जागेत नवे हाड भरायचे असते. घाई करून काढले तर जबडा पुन्हा आकसतो. या काळात चिक्की, चॉकलेट टाळावे व प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत.

पौगंडावस्था संपत आली की सांधा घट्ट होत जातो. मग पुष्कळांना शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. जे काम शाळकरी वयात चावीने होते, त्यासाठी नंतर इस्पितळात भरती व्हावे लागते.

मात्र प्रत्येक वाकड्या दाताला हे उपकरण लागत नाही. घोरणे, वारंवारची सर्दी याने हमखास बरी होते, असे कोणी सांगितले तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

खर्चाची चिंता असेल त्यांनी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. मूल सात-आठ वर्षांचे झाले की एकदा तपासणी करून घ्या. शाळेत नाव घालायची वेळ आपण चुकवत नाही, ही वेळही चुकवू नये.