माणसाला काय विचारावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'मतभेद आणि संवाद' या विषयावर बोलायला बोलावले आहे, हे कळताच आमच्या युनियनच्या कचेरीत हशा पिकला. एक जण म्हणाला, "भाऊ, तुम्ही आणि संवाद? तुम्ही दुसऱ्याला बोलू कधी देता?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तीस वर्षे मी कारखान्यांच्या दारात उभा राहून बोलत आलो आहे. पाळी सुटते, माणसांना बस गाठायची असते आणि जे सांगावयाचे ते दहा मिनिटांत सांगून टाकावे लागते. तिथे ऐकून घ्यायला सवड कुठली? तेव्हा आज जे सांगणार आहे ते मी आधी पुस्तकात वाचले नाही. आधी तोंडघशी पडलो आणि मग पुस्तके शोधली.

प्रश्न साधा आहे. दोन माणसांची मते इतकी उलटी असतात की समोरच्याला काळीजच नाही असे प्रत्येकाला वाटू लागते. जात, धर्म, राखीव जागा, बाहेरून आलेली माणसे यांपैकी कोणताही विषय घ्या. सख्खे भाऊ जेवणाच्या पानावरून उठून जातात. अशा वेळी बोलण्याचा काही उपयोग असतो काय? आणि असेल, तर कशाविषयी बोलावे?

एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आमची युनियन होती. कायम कामगार थोडे, कंत्राटी त्यांच्या दुप्पट. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत दोघे काम करीत. पण पगारात जमीन-अस्मानाचे अंतर. कँटीनमध्ये दोघांची बाकडीसुद्धा वेगळी. कंत्राटी पोरांना युनियनमध्ये घ्यावे, असा माझा आग्रह होता. आमच्याच कायम कामगारांचा त्याला विरोध होता, आणि सर्वांत कडवा विरोध एका वडीलधाऱ्या फिटरचा. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. "ही बाहेरची पोरं उद्या आपल्या पोटावर पाय आणतील," हे त्यांचे ठरलेले वाक्य. मी त्यांना कायदा सांगितला, समान कामाला समान दाम सांगितला, कामगारांची एकजूट सांगितली. दोन वर्षे सांगितला. दादा तसूभर हलले नाहीत. शेवटी मी मनात निकाल देऊन टाकला, की हा मनुष्य स्वार्थी आहे.

एका रात्री पाळी सुटल्यावर बस आली नाही. पावसाचे दिवस होते. दारावरच्या शेडमध्ये दादा, मी आणि दरभंग्याकडचा एक कंत्राटी पोरगा, असे तिघे अडकलो. वाद घालून मी थकलो होतो. सहज विचारावे तसे विचारले, "दादा, या नोकरीत तुम्हाला सगळ्यांत जपावंसं काय वाटतं?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा बाप गिरणीत होता." 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांतला तो मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले हजारो पुन्हा कधीच आत गेले नाहीत. दादांचे वडील त्यांतलेच. "पण बाप रोज सकाळी सातला डबा घेऊन निघायचा," दादा सांगत होते. "कुठंतरी बागेत बसायचा नि संध्याकाळी परत यायचा. चाळीत कळू नये म्हणून. मला परमनंटचं पत्र मिळालं, ते मी देवाच्या फोटोशेजारी लावलंय. तुमच्या भाषणात ते पत्र फाटल्यासारखं वाटतं मला."

मी त्यांना दोन वर्षे स्वार्थी समजत होतो. त्यांच्या विरोधाच्या मुळाशी बापाचा तो डबा आहे, हे मला ठाऊक नव्हते. कारण मी कधी विचारलेच नव्हते. मग मीही माझे सांगितले. सोळाव्या वर्षी मी हमाली कंत्राटावर लागलो होतो, आणि कँटीनबाहेर उभा राहून भाकरी खात असे. तेव्हापासून वेगळे बाकडे दिसले की माझ्या पोटात कालवते. शेवटी तो पोरगा बोलला. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने सांगितले, की आपण 'पक्के' झालो आहोत असेच त्याने गावी आईला कळवले आहे. दादांनी त्याच्याकडे वळून पाहिले. चाळीला कळू नये म्हणून डबा घेऊन निघणारा बाप आणि हा पोरगा यांच्यात त्यांना काय सारखे दिसले, ते त्यांनी बोलून दाखवले नाही.

यात चमत्कार काही झाला नाही. पुढच्या सभेत दादांनी हात वर केला नाही. पण विरोधातही केला नाही. काही महिन्यांनी कँटीनमधली बाकडी एक करा, ही मागणी मांडायला मात्र तेच उभे राहिले.

या अनुभवानंतर मी शोधू लागलो, की असे दुसऱ्या कोणी केले आहे काय. तेव्हा गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे 'गोरा', यांची हकीगत हाती लागली. गोरा आंध्रातले. जन्म 1902 चा, ब्राह्मण कुळातला, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. निरीश्वरवादापायी त्यांना नोकरी गमवावी लागली. 1940 साली त्यांनी कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी निरीश्वरवादी केंद्र काढले आणि सहभोजनांतून अस्पृश्यता मोडण्याचे काम चालवले. त्यांना गांधीजींना भेटावयाचे होते. ज्याच्या दिवसाचा आरंभ आणि शेवट प्रार्थनेने होतो, त्या माणसाला देव न मानणारा माणूस भेटू पाहत होता. 1941 साली गांधीजींनी भेट नाकारली. 1944 च्या अखेरीस मात्र वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला बोलावून घेतले.

दोघांनी देव आहे की नाही यावरच वाद मांडला असता, तर गोरा दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसले असते. पण गोरांनी आपण पाहिलेले सांगितले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे खाद्यपदार्थांच्या दुकानांसमोर भुकेने मरत होती. दुकाने भरलेली होती, आणि तरी कोणी हात पुढे करीत नव्हते. नशिबावर आणि देवावर भार टाकण्याची सवय माणसाला इतकी लाचार करते. ती मोडावी म्हणून मी निरीश्वरवादी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते ऐकून घेतले. या माणसाच्या नास्तिकपणाच्या तळाशी माणसाविषयीचा कळवळा आहे, हे त्यांना दिसले. आपलेच खरे आणि गोरांचे खोटे असे आपण म्हणू शकत नाही, इथपर्यंत ते आले. गांधीजींची प्रार्थना चालूच राहिली आणि गोरा नास्तिकच राहिले. पण गोरांच्या थोरल्या मुलीचे लग्न एका दलित तरुणाशी ठरले, तेव्हा ते सेवाग्रामला लावायचे गांधीजींनी मान्य केले, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घ्यायलाही ते तयार झाले. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींचा खून झाला. तरी मार्च 1948 मध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागले. ही सारी हकीगत गोरांनी 1951 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

कोणी म्हणेल, ही थोरांची गोष्ट झाली. सामान्य माणसाचे काय? तर अमेरिकेतील एक प्रयोग सांगतो. पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण मिळावे की नाही, यावर मायामी भागात मोठा मतभेद होता. 56 कार्यकर्ते घरोघर गेले. प्रत्येक घरी साधारण दहा मिनिटे थांबत. दारावर कोणी काहीही बोलले, तरी त्याला नावे ठेवीत नसत. ते विचारीत : तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कधी कोणी हिणवले आहे काय? मग स्वतःचाही तसा प्रसंग सांगत. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या अभ्यासकांनी 501 मतदारांवर ही पाहणी केली आणि 2016 साली प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनंतरही लोकांच्या मनातली अढी काहीशी कमी झालेलीच दिसली. याच जोडीने आधीच्या वर्षी अशाच विषयावरच्या दुसऱ्या एका निबंधातली आकडेवारी संशयास्पद असल्याचे उघड केले होते, आणि तो निबंध मागे घेतला गेला. म्हणून यांच्या आकड्यांवर माझा अधिक विश्वास बसतो. 2020 साली त्यांनी आणखी प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत नुसते मुद्दे मांडले, तर काही फरक पडला नाही. एकमेकांचे अनुभव नावे न ठेवता सांगितले-ऐकले, तर पडला. फरक लहान होता. सगळी माणसे बदलली नाहीत. पण माझी दोन वर्षांची गेटसभेतली भाषणे का वाया गेली, हे मला या आकड्यांनी समजावले.

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी कामगार चळवळीशी बेइमान होईन. 'गोड बोला, ऐकून घ्या' हा उपदेश आजवर बहुधा खालच्या माणसालाच झालेला आहे. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. त्या वेळी गिरणीतले विणाईचे खाते, जिथे मजुरी चांगली मिळे, ते अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांचे ओठ लागलेला धोटा इतरांना चालत नसे. हे दार मालकांनी नव्हे, सोबतच्या कामगारांनीच लावलेले होते. संपाच्या मागण्यांत हा अन्याय दूर करण्याची मागणी घाला, नाही तर आमची माणसे संपात राहणार नाहीत, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले. तेव्हा पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. पुढे 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. दहा वर्षांपूर्वी ती मागणी कागदावर आली नसती, तर हा एक दिवससुद्धा आला असता, असे मला वाटत नाही.

ज्याला धोट्याला ओठ लावू दिला जात नाही, त्याने आधी आपले दुःख उघडे करून दाखवावे आणि मग दुसऱ्याने ठरवावे, हा संवाद नव्हे. म्हणून मी दोन गोष्टी पाळतो. ज्याच्या हाती अधिक आहे, त्याने आधी ऐकावे. आणि मागणी सोडून ऐकू नये. आमच्या कारखान्यात बाकडी एक झाली. पण पगारातले अंतर कमी करायला तंटा न्यायालयात न्यावा लागला, आणि त्या तंट्यात काही पोरांची नोकरी गेली. दरभंग्याचा तो पोरगा त्यांत होता. रात्रीच्या त्या बोलण्याने त्याची नोकरी वाचली नाही. एवढे मात्र झाले, की त्याचे नाव कमी झाल्याच्या दिवशी कायम कामगारांनी दुपारचे जेवण घेतले नाही, आणि त्यांत दादा पहिले होते.

आपणांस मी एवढेच सुचवतो. घरात, कचेरीत, शेजारी, ज्याच्याशी आपण बोलणे सोडले आहे असा एक माणूस प्रत्येकाला आठवेल. त्याला आपले मत पटवायला जाऊ नका. तो काय जपतो आहे आणि ते जपायला कोणत्या दिवसापासून शिकला, एवढे विचारा. तो बोलत असताना मनात उत्तर जुळवू नका. ही खोड मला अजून आवरत नाही. त्याने सांगितले, तर आपलेही सांगा. न सांगितले, तर पुन्हा कधीतरी विचारा. दादांना विचारायला मला दोन वर्षे लागली, आणि तेही बस चुकली म्हणून.