मूत्रपिंडांची तपासणी आणि आपण गृहिणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले, हा तुमचा लोभ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आमच्या थोरल्या जाऊबाई तीन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून पडावे लागते. त्यांच्यासोबत बसून, डॉक्टरांना विचारून जे समजले, तेच सांगते.

पाठीमागे, फासळ्यांच्या खालच्या अंगाला मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. दिवसाकाठी ती सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, बहुतेक सारे परत रक्तात सोडतात आणि दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर टाकतात. अडचण अशी, की ती बिघडली तरी सहसा दुखत नाहीत. पायांवर सूज, मळमळ, थकवा दिसेपर्यंत बरीच शक्ती गेलेली असते. जाऊबाईंना मधुमेह होता. सूज आली तेव्हा उभ्याच्या कामाने आली, असेच सर्वांना वाटले.

म्हणून लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी. ती दोन प्रकारची. रक्तात क्रिएटिनिन पाहतात आणि लघवीत अल्ब्युमिन. रक्तदाबही मोजून घ्यावा. क्रिएटिनिनचा आकडा ऐकून गप्प बसू नये. हडकुळ्या बाईचा आकडा बरा दिसतो, कारण तिच्या अंगात मांस कमी. म्हणून डॉक्टरांना ‘जीएफआर किती?’ असे विचारावे. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर आजार समजतात. लघवीत अल्ब्युमिनचे प्रमाण ३० च्या वर गेले, तरी पुन्हा तपासतात. ताप असताना किंवा पाळीच्या दिवसांत लघवी तपासायला देऊ नये.

ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, घरात कुणाला हा आजार आहे, किंवा गरोदरपणी रक्तदाब चढला होता, त्यांनी वर्षातून एकदा तपासणी करावीच.

आता घरातले. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नको. त्यात लोणचे, पापड, कुरड्या आणि तर्रीतलेही धरायचे. कंबर-गुडघे दुखले, की दुकानातून गोळी आणून रोज खाणे मूत्रपिंडांना घातक आहे. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी पीत राहावे. मात्र ज्यांना आजार जडला आहे, त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढेच प्यावे.

एक दुःखाची गोष्ट सांगते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरे उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली. साध्या खोकल्यावर त्यांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचे औषध दिले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन वीसाहून अधिक लेकरे गेली. त्या माउल्यांचा यात काय दोष? आपण एवढे जपावे, की पाच वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचे औषध आपल्या मनाने देऊ नये, आणि आजारी लेकराची लघवी एकाएकी कमी झाली, तर रात्र न काढता दवाखाना गाठावा.

शेवटी एकच सांगते. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त. कुणी आई, कुणी पत्नी. त्यांना माझा नमस्कार. पण दुसऱ्यासाठी मूत्रपिंड काढून देणारी बाई स्वतःच्या तपासणीला मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणते. मुलांची फी, सासऱ्यांची औषधे, मग सण, आणि तिची पाळी येतच नाही. भगिनींनो, मेडिकलला किंवा मेयोला दोघी-तिघी मिळून जाऊ या. एक सकाळ जाईल, एवढेच. पुढच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने आपली तपासणी झाली का, ते सांगावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.