मुरुमे : कारणे, उपचार आणि आपली जबाबदारी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हृदयविकार, कर्करोग किंवा डायलिसिससाठी मदतीचे आवाहन केले, तर कोणाच्या मनात शंका येत नाही. त्वचारोग विभागासाठी निधी मागितला की मात्र काही हितचिंतक विचारतात, "मुरुमांसाठी धर्मादाय पैसा कशाला?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे प्रशासनाचे कर्तव्य असल्याने त्याचे उत्तर आज आपणांपुढे ठेवीत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. येथील वैद्यकीय माहिती आमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घेतलेली आहे.

मुरुमे अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तेलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसते. पांढरे आणि काळे ठिपके म्हणजे हेच बूच. त्यांचा काळेपणा मळाचा नसतो. कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे त्वचेवर सदैव असणारे जंतू वाढतात, शरीर त्यांचा प्रतिकार करते आणि दाह सुरू होतो. मग लाल पुटकुळ्या, पू आणि कधी खोल, दुखऱ्या गाठी येतात. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्यामुळे दिवसातून दहादा साबणाने तोंड धुणे, लिंबू चोळणे किंवा टूथपेस्ट लावणे यांनी त्वचेचा दाह वाढतो, आजार जात नाही. मुलीची मासिक पाळी अनियमित असेल व चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर बीजाशयाच्या पीसीओएस या विकाराची तपासणी करून घ्यावी.

दिसायला मुरुमांसारखे, पण वेगळे असे दोन आजारही लक्षात ठेवावेत. प्रौढ वयात गाल व नाक सतत लाल राहून पुटकुळ्या येतात, पण काळे ठिपके नसतात, तो रोझेशिया असू शकतो. काखेत किंवा जांघेत वारंवार गळवे येऊन व्रण राहत असतील, तर तो हिड्राडेनायटिस हा दीर्घकालीन आजार असू शकतो. संकोचामुळे रुग्ण तो वर्षानुवर्षे लपवितात.

मुरुमांवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. सौम्य आजारात ॲडापॅलीन व बेंझॉइल पेरॉक्साइड ही लावण्याची औषधे दिली जातात. दाह अधिक असल्यास त्यांच्या जोडीला मर्यादित काळासाठी डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके देतात. खोल गाठी व व्रणांचा धोका असल्यास आयसोट्रेटिनॉइन दिले जाते. त्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून गरोदरपणात ते पूर्णतः वर्ज्य आहे आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय कोणीही घेऊ नये. सुधारणा दिसण्यास साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडते, थोडी जळजळते, आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेकजण औषध सोडून देतात.

असा अधीर झालेला रुग्ण मग दुकानातून, शेजारणीच्या सल्ल्याने, "गोरेपणाची" ट्यूब आणतो. अशा अनेक मिश्र मलमांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड असते. आठवड्याभरात लाली ओसरते, चेहरा उजळतो आणि विश्वास बसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे केस वाढतात, मुरुमे दुप्पट जोमाने उसळतात. मलम थांबविले की चेहरा पेटल्यासारखा होतो. २०१८ साली केंद्र शासनाने चौदा स्टिरॉइड मलमांचा अनुसूची 'एच'मध्ये समावेश करून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास बंदी केली. तरीही केवळ नियमाने घरातील ट्यूब बाहेर जात नाही. ज्यांनी असे मलम दीर्घकाळ वापरले आहे, त्यांनी ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून, त्यांच्या सल्ल्यानेच बंद करावे.

आता हिशेबाकडे वळू. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखतात. परंतु मुरुमांचा रुग्ण सहसा खाटेवर नसतो. तो बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर, ओढणी किंवा रुमाल तोंडावर घेऊन बसलेला असतो. खाटांच्या तक्त्यात तो कोठेच दिसत नाही. त्याची गरज छोटी पण लांब पल्ल्याची असते : काही महिने अखंड मिळणारे औषध आणि दर भेटीला धीर देणारी दहा मिनिटे. ती वेळेवर न मिळाल्यास उरतो तो खड्ड्यांचा व्रण, जो पुढे कितीही खर्च केला तरी पूर्णपणे पुसला जात नाही. "लग्नानंतर जातील" या दिलाशाने मुलीची ती वर्षे परत येत नाहीत. मित्रांपासून, आरशापासून, महाविद्यालयापासून दूर गेलेल्या मुलाचे नुकसान तर कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही.

म्हणून देणगीदारांस आमची विनंती आहे की, यंत्रसामग्रीबरोबरच या औषधांच्या सलग पुरवठ्याचाही विचार व्हावा. पालकांस विनंती अशी की, मुलांना "साधी मुरुमे तर आहेत" असे म्हणून गप्प करू नये, पुटकुळ्या फोडू देऊ नयेत, आणि घरातील प्रत्येक ट्यूबवरील घटकांची नावे वाचावीत. मूल अबोल झाले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मनाची काळजी हा उपचाराचाच भाग आहे.

आपण दिलेल्या दानातून चेहऱ्यावरचा व्रण टळतो, तेव्हा त्याची नोंद कोठेही होत नाही. ती आम्ही आज येथे कृतज्ञतापूर्वक करीत आहोत. आपले सहकार्य असेच लाभत राहो, ही प्रार्थना.