चपळाई आणि ताकद

पुण्याच्या शनिवार पेठेंत १७३२ सालीं शनिवारवाडा उभा राहिला आणि १८१८ सालीं तेथील पेशवाई संपली. या कालखंडाच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारीं अली आणि गुलाब या नांवाचे दोन बलाढ्य मल्ल आले व त्यांनीं पुण्यांतील कुस्तीगिरांना आव्हान दिलें, अशी परंपरागत कथा आहे. त्यांच्यापुढें उभे राहिले ते कोवळ्या वयाचे बाळंभटदादा देवधर. त्यांनीं मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगी देवीजवळ अनुष्ठान केलें, आणि वानरांच्या हालचाली पाहून मल्लखांबाची विद्या हस्तगत केली. कुस्तींत गुलाब चीत झाला; अलीनें तर आखाड्यांत उतरण्याचेंच नाकारलें. कथेंतील दैवी भाग ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. मल्लखांबाचा उल्लेख १२ व्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांतही असल्यामुळें दादांनीं या विद्येला नवें जीवन दिलें, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होय.

बलवान आणि चपळ यांच्या सामन्याचा हाच प्रश्न आज घरच्या मेजावर येऊन बसला आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. आणि यशापयश फांशांवर ठरतें. वीराचे सहा गुण अंकांनीं मांडलेले असतात. ताकद आणि चपळाई हे त्यांतील दोन.

या खेळाचे २०१४ सालचे नियम पाहिले, तर चपळाईचें पारडें जड दिसतें. बाण मारणें, हलकी तलवार चालविणें, वार चुकविणें, लपून जाणें आणि लढाईंत पहिली पाळी मिळविणें, इतकें सारें त्या एकाच अंकावर अवलंबून आहे. बलवानाला मोठी तलवार मिळते. तिच्या घावाला सहा बाजूंचे दोन फांसे, तर हलक्या तलवारीला आठ बाजूंचा एक. परंतु बलवानाच्या जड पोलादी चिलखताचा बचाव १८, आणि खिळे जडविलेलें चामडी चिलखत घालणाऱ्या अत्यंत चपळ वीराचा १७! एका अंकासाठीं बलवानानें लपण्याची संधि गमवावी, हा सौदा महागाचा आहे. मग ज्या मित्रानें हौसेनें भीमासारखा वीर निवडला, तो निम्मी संध्याकाळ दुसऱ्याचा पराक्रम पाहत बसतो.

आखाडा या अडचणींतून वाट दाखवितो. कुस्तींत वजनाचे गट असतात. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलोंच्या गटांत लढले. मेजावरील वीरांना असे गट पाडतां येत नाहींत. परंतु आखाड्याचा दुसरा धडा तेथें लागू पडतो. चपळ मल्ल पकड चुकवूं शकतो. बसलेली पकड सोडविण्याला मात्र जोर लागतो. उपर्युक्त नियमांत धरला गेलेला वीर चपळाईच्या बळावरही निसटूं शकतो. म्हणजे बलवानाच्या हक्काच्या जागींही चपळाचा शिरकाव झाला. सूत्रधारानें पकडीपूर्वीचा क्षण चपळाला आणि नंतरचा बलवानाला द्यावा. नियमांत ताकदीच्या प्रत्येक अंकामागें १५ पौंड ओझें सांगितलें आहे. तें खरोखर मोजावें. जड दरवाजा उचलणें, पुरांतून जखमी सोबत्याला खांद्यावर नेणें, असे प्रसंग योजावेत. चपळाचे अंक कापूं नयेत. एकाचें हिरावून दुसऱ्याला दिल्यानें मेजावर दोघेही रुसतात.

शिवाय मल्लखांबावर चढणारा मुलगा जाणतो कीं, मांड्यांची पकड सुटली तर सारी चपळाई जमिनीवर येते. बाळंभटदादांची विद्याही त्या पकडीवरच उभी होती. दोन गुणांना परस्परांची गरज भासेल असा डाव ज्या सूत्रधाराला मांडतां येतो, त्याच्या घरून दोन्ही मित्र समाधानानें उठतात.