कृपा आणि परतफेड

(सुवर्णमहोत्सवाच्या त्रिदिनी प्रार्थनेंत दुसऱ्या दिवशीं केलेलें भाषण)



आज देवालयाला नवा रंग आहे, पताका फडकत आहेत, वाजंत्री वाजत आहे. हा आनंद योग्यच होय. परंतु ‘ज्युबिली’ हा शब्द ज्या शास्त्रांतून आला, तेथें त्याचा अर्थ काय होता, हें क्षणभर पाहूं या. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत इस्राएल लोकांना आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर येणारें ५० वें वर्ष पवित्र मानावें. विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, आणि दारिद्र्यामुळें दास झालेल्यानें आपल्या घरीं परत जावें. ह्या वर्षाचें शिंग कोणत्या दिवशीं फुंकावयाचें? प्रायश्चित्ताच्या दिवशीं! म्हणजे आधीं पापाची कबुली, मग उत्सव. आणि उत्सव म्हणजे ज्याचें त्याला परत देणें.

आतां यरीहोच्या जक्कयाकडे पाहा. तो जकातदारांचा मुख्य, धनवान, आणि लोकांच्या तिरस्काराचा विषय. ठेंगणा म्हणून तो उंबरावर चढला. प्रभु येशू झाडाखालीं थांबला, त्याला नांवानें हांक मारिली आणि त्याच्याच घरीं उतरला. ध्यानांत घ्या, प्रभूनें आधीं हिशेब मागितला नाहीं. जक्कयानें एक पैसाही परत केला नव्हता, तोंच कृपा त्याच्या दारीं आली होती. १५४७ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें हेंच स्पष्ट केलें कीं, पापी मनुष्याच्या उद्धाराचा आरंभ देवाच्या कृपेनें होतो, त्याच्या स्वतःच्या पुण्याईनें नव्हे; तथापि त्या कृपेला मनुष्यानें मोकळ्या मनानें होकार द्यावयाचा असतो. जक्कयाचा होकार कसा होता? स्वखुशीनें कबुली देणाऱ्यानें मुद्दल व वर पांचवा हिस्सा द्यावा, असें मोशेचें नियमशास्त्र. चौपट भरपाई सांगितली आहे ती मेंढरूं चोरून कापणाऱ्यास वा विकणाऱ्यास. जक्कयानें स्वतःस त्या चोराच्या रांगेंत उभें केलें. शिवाय अर्धें धन गरिबांना दिलें.

एक गोष्ट माझ्याच घरची, लाज सोडून सांगतों. आमच्या वाडीचें कुंपण नवें करितांना तें हातभर सरकलें, आणि चुलतभावाचा आंबा आमच्या आवारांत आला. सरकलें म्हणतों, सरकविलें मींच. नऊ वर्षें मीं ते आंबे खाल्ले, विकले. त्या नऊही वर्षीं पास्काच्या सणापूर्वीं कुमसार केलें, पण आंब्याचा शब्द काढिला नाहीं. दहाव्या वर्षीं काढिला. धर्मगुरूंनीं एवढेंच विचारलें, “झाड अजून तुमच्या कुंपणाच्या आंत आहे का?”

त्या संध्याकाळीं भावाच्या ओट्यापर्यंत जाऊन मी दोनदां परत फिरलों. तिसऱ्या वेळीं पायरी चढलों, ती माझ्या बळानें नव्हे. भावानें सारें ऐकून घेतलें, कांहीं बोलला नाहीं. आंतून पाण्याचा तांब्या आणून पुढें ठेविला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोघांनीं मिळून कुंपण पूर्वींच्या जागीं नेलें. नऊ हंगामांचे पैसे मीं हप्त्यांनीं फेडिले.

सज्जनहो, उद्यां कुमसाराच्या आसनापाशीं मोठी रांग लागेल. त्यापूर्वीं प्रत्येकानें आपापलें कुंपण पाहावें. कोणी मजुराची मजुरी अडकविली असेल, कोणी विधवा भावजयीचा दागिना ठेवून घेतला असेल, कोणी शेजाऱ्याचें नांव खोट्या बोलण्यानें घालविलें असेल. नांव ही देखील परत करावयाची वस्तु आहे. हें जड वाटेल. परंतु ज्यानें आपल्याला हांक मारिली, तोच पायांत बळ घालतो. जक्कय उंबरावरून उतरला तो रडत नव्हे, आनंदानें उतरला.

पवित्र मारियेच्या मध्यस्थीनें ती कृपा आपणां सर्वांस लाभो, आणि आपल्या धर्मग्रामाचा हा महोत्सव खरा महोत्सव ठरो. आमेन.