काळी गाडी आणि हातातले फडके

नव्या काळ्या गाडीवर दिसणारे बहुतेक ओरखडे रस्त्यावर पडलेले नसतात. ते घरच्या पार्किंगमध्ये, गाडी स्वच्छ करण्याच्या नादात पडलेले असतात. हे विधान पटायला जड आहे, पण त्याचा पुरावा गाडीच्या अंगावरच असतो. रस्त्यावरून उडणारे खडे समोरून येतात, त्यामुळे त्यांचे टवके बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर पडतात आणि ते ठिपक्यासारखे असतात. बारीक रेघांचे जाळे मात्र दारांवर, डिकीच्या झाकणावर, मागच्या मडगार्डवर, सगळीकडे सारखेच पसरलेले असते. उंच गाडीच्या टपाच्या मधोमध, जिथे पुसणाऱ्याचा हात पुरत नाही, तिथे ते बहुधा विरळ होते. जिथे हात पोचतो तिथे रेघ आहे, आणि एवढ्यावरून संशयित ठरवायला हरकत नाही. या रेघा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गोल गोल दिसतात म्हणून पुष्कळांना वाटते की पुसणाऱ्याने हात गोल फिरवला. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून इकडून तिकडे हलवून पाहावे. वर्तुळे टॉर्चबरोबर सरकतात. म्हणजे ती रंगात कोरलेली नाहीत. रेघा सर्व दिशांनी आहेत आणि ज्या रेघा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती योग्य कोनात येतात, तेवढ्याच उजळून डोळ्यांत शिरतात. वर्तुळ हा प्रकाशाचा खेळ आहे, पण त्यावरून एक गोष्ट नक्की कळते: सगळा पृष्ठभाग रेघांनी भरलेला आहे.

पांढऱ्या गाडीवर रेघा कमी पडतात असे नाही, त्या दिसत नाहीत इतकेच. आजच्या गाडीचा रंग म्हणजे चार थर असतात. पत्र्याला चिकटलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लेप, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण चार टक्के या लेपाच्या पृष्ठभागावरूनच परततो, बाकीचा आत जातो. पांढरा रंग आत गेलेला बहुतेक प्रकाश चहूकडे विखरून बाहेर पाठवतो आणि त्या उजेडात रेघेची लकाकी बुडून जाते. काळा रंग आत गेलेला जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो. मग आपल्या डोळ्यांना उरते ते फक्त वरच्या पृष्ठभागावरून आलेले प्रतिबिंब, आणि त्यात मायक्रॉनभर खोलीची रेघही चमकून उठते. काळ्या गाडीचे जे सौंदर्य आहे तेच तिचे वैगुण्य आहे. ही तक्रार घेऊन रंगाच्या दर्जाला दोष देणाऱ्यांनी शेजारच्या चंदेरी गाडीवर तोच टॉर्च जवळून मारून पाहावा.

आता फडके एवढे कठीण कसे? फडके कठीण नसतेच, त्यात अडकलेली धूळ कठीण असते. घाटावरची आपली जमीन काळ्या पाषाणाची. त्या पाषाणात मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे असतात आणि त्यांची कठीणता मोह्सच्या मापनात, ज्यात दहावर हिरा असतो, सहाच्या आसपास येते. चाकूचे पोलाद साधारण साडेपाचावर थांबते. शिवाय शहरात जिकडेतिकडे बांधकामे, आणि त्यांत हल्ली हाच दगड क्रशरमध्ये फोडून केलेली वाळू. म्हणजे रोज सकाळी गाडीवर जो करडा थर बसतो, तो पोलादावरही चरा उमटवू शकेल अशा कणांचा असतो. नुसता पडून राहिला तर तो काहीही करत नाही. त्यावरून ओले फडके फिरवले की कामाला लागतो. सोसायटीत गाड्या पुसणारा मनुष्य एक बादली आणि एक फडके घेऊन पहाटे दहा गाड्या उरकतो. तेच फडके चाकांवरून, तेच बॉनेटवरून, आणि तिसऱ्या गाडीपासून बादलीतले पाणी गढूळ. वर्षातून साडेतीनशे वेळा हे घडते. पिसांची झटकणी हा त्याचाच कोरडा अवतार. मळक्या गाडीवर ओढलेले कापडी आवरण वाऱ्याने हलते तेव्हा तेही हेच काम करते. आणि सुरुवात तर गाडी ताब्यात मिळण्याआधीच होते. पूजेसाठी गाडी चकचकीत हवी म्हणून शोरूमच्या मागच्या अंगणात ती घाईने पुसली जाते, आणि मग बॉनेटवर हार येतो, ज्याच्या आत तार असते. गाडी घेताना, धुऊ नका, पुसू नका, जशी आली तशी द्या, असे आधीच सांगून ठेवण्यात काही गैर नाही. हार फुलांचाच असावा, पण सुतात ओवलेला.

रेघा पडल्या की लोक पॉलिशवाल्याकडे धावतात. तिथे काय होते ते नीट समजून घ्यायला हवे. पॉलिश रेघ भरून काढत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचा लेप घासून तिच्या तळापर्यंत खाली आणते. रबिंगच्या मलमात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते आणि मशीनवरचे पॅड तिने लेप खरवडते. क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जवळजवळ निम्म्या जाडीचा. बारीक मलमाच्या एका हलक्या हाताने त्यातला एखादा मायक्रॉन जातो, जाड मलमाने जोरात घासले तर तीन-चार किंवा अधिक. हा लेप म्हणजे बिनव्याजी ठेव आहे. काढता येते, भरता येत नाही. शिवाय उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्ये याच लेपात मिसळलेली असतात, त्यामुळे तो पातळ झाला की खालच्या रंगाचे छत्र विरते. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरे पापुद्रे सुटलेले आपण पाहतो, ते लेप संपल्याचे लक्षण. दर दिवाळीला रबिंग करून घेणारा मालक गाडीची काळजी घेतो आहे असे त्याला वाटते, प्रत्यक्षात तो तिचे आयुष्य घासून काढत असतो. त्यातही फसवणुकीचा एक प्रकार चालतो. तेलकट किंवा मेणकट द्रव्य रेघांमध्ये भरून दिले की गाडी त्या दिवशी निर्मळ दिसते, आणि चार धुण्यांनंतर रेघा जशाच्या तशा वर येतात. काम खरे झाले की नाही हे पाहायचे असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने छोटा भाग पुसून त्यावर टॉर्च धरावा. दंतमंजनाचा घरगुती उपाय तर करूच नये. त्यातली पूड दात घासण्यासाठी असते. ती काळ्या लेपावर धुके उठवते.

मग नव्या गाडीच्या रेघांचे करायचे तरी काय? एकदाच, आणि हलक्या हाताने दुरुस्ती. आधी रंगाची जाडी मोजणारे यंत्र प्रत्येक भागावर लावून पाहायला सांगावे. पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. एखाद्या दारावर ती एकदम दुप्पट दिसली, तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे हे ध्यानात घ्यावे, आणि नवी म्हणून विकलेल्या गाडीत तसे आढळले तर विक्रेत्याला प्रश्न विचारावा. एकाच जागी गरगर फिरणाऱ्या जुन्या बफिंग मशीनपेक्षा डुलत फिरणारे, ज्याला ड्युअल ॲक्शन म्हणतात ते मशीन अननुभवी हातातही कमी नुकसान करते. सर्वांत बारीक मलमाने सुरुवात करावी आणि दहापैकी आठ रेघा गेल्या की थांबावे. उरलेल्या दोन काढण्यासाठी लागणारा लेप त्या आठांपेक्षा महाग पडतो. नव्या गाडीचा रंग कच्चा असतो, सहा महिने काही लावू नये, असे सांगणारे लोक भेटतात. ते गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या गाडीबद्दल काही अंशी खरे आहे. कारखान्यातला लेप सुमारे १४० अंश सेल्सियसला भाजून निघालेला असतो. तो पक्काच असतो.

यानंतर विक्रेता सिरॅमिक कोटिंगचा विषय काढतो आणि ते ‘९ एच’ कठीण असल्याचे सांगतो. ऐकणाऱ्याला हिऱ्याखालोखालचे काहीतरी वाटते. फ्रिडरिश मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडलेल्या मापनात नऊवर कुरुंद, म्हणजे माणिक-नीलम येतात, दहावर हिरा. पण हा ‘९ एच’ त्या मापनातला नाही. तो पेन्सिलींच्या मापनातला आहे: मऊ ६ बीपासून कठीण ९ एचपर्यंतच्या पेन्सिली लेपावर ठरावीक भाराने ओढून चरा पडतो का ते बघतात. सर्वांत कठीण पेन्सिल झाली तरी ती ग्राफाइट आणि माती यांचीच. क्रशरच्या वाळूपुढे तिचे काय चालणार? हा दावा खोडायला प्रयोगशाळाही नको. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच, आणि बिघडलेले कोटिंग डिटेलिंगवाले त्याचेच मलम फिरवून सहज काढून टाकतात. कोटिंगला अर्थ नाही असे मी म्हणत नाही. त्याच्यामुळे पाणी आणि चिखल चिकटून राहत नाही, धुणे सोपे होते, आणि घासणे कमी झाले म्हणजे रेघाही कमी होतात. एक-दोन मायक्रॉनच्या थराकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. खडे आणि नखांचे चरे झेलायचे असतील तर दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक पीपीएफ फिल्मच लागते, जिच्यावरच्या बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने आपोआप मिटतात. सबंध गाडीला ती लावायची तर एका दुचाकीचे पैसे जातात. बॉनेटची पुढची कड, बंपर आणि दारांच्या मुठींमागचे खळगे एवढ्यावर लावली तरी बऱ्यापैकी काम होते.

खरा बचाव धुण्यातच आहे, आणि इथे दोन आक्षेप येतात. पहिला पाण्याचा. ज्या राज्यात टँकरची वाट पाहिली जाते तिथे गाडी धुवा म्हणून सांगायचे? आक्षेप रास्त आहे, पण हिशेब करून पाहावा. बागेच्या पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते, म्हणजे वीस मिनिटांत दोन-तीनशे लिटर. ती चैन कुणीच करू नये. पण रोज अर्धी बादली वापरून पुसणारा आठवड्यात साडेतीन बादल्या घालवतो. तेवढ्याच पाण्यात आठवड्यातून एकदा रीतसर धुणे होते: सावलीत, आधी वरून पाणी ओतून धूळ वाहवून द्यायची, मग एका बादलीत शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी ठेवून, मायक्रोफायबरचा हातमोजा दर भागानंतर साध्या पाण्यात विसळत, टपापासून खाली यायचे, आणि शेवटी मोठा टॉवेल अंथरून पाणी टिपून घ्यायचे. चाकांचे फडके वेगळे. मधल्या सहा दिवसांत गाडीला हात लावायचा नाही. अपवाद पक्ष्यांच्या विष्ठेचा, झाडाच्या चिकाचा आणि किनाऱ्यावरच्या खारट थराचा, कारण ते पडून राहिले की लेपाला खातात. ते भिजवून, न घासता उचलावेत. दुसरा आक्षेप पुसणाऱ्याच्या रोजीचा. त्याचे काम बंद करायचे कारण नाही. महिन्याचे पैसे तेच ठेवून त्याच्याकडून रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्याचे असे एक धुणे मागावे आणि मोजा, टॉवेल आपले द्यावेत. त्याची पहाटही थोडी हलकी होईल. धुळकट गाडी वापरायला लाज वाटते म्हणणाऱ्यांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यांनी काळा रंग घेऊ नये.

गाडी वापरण्यासाठी असते, रेघांचे एवढे कौतुक कशाला, असेही कुणी म्हणेल. मला ते पुष्कळसे मान्य आहे. बारीक रेघांनी पत्रा कुजत नाही. ज्याला त्या खुपत नाहीत त्याने त्या तशाच ठेवणे हे वारंवार रबिंग करण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे. नख अडकते असा चरा मात्र वेगळा. तो पॉलिशने जाणारा नाही, आणि त्याच्या तळाशी पत्रा दिसत असेल तर कोकणपट्टीच्या हवेत तिथे गंज धरायला एक पावसाळा पुरतो. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. तो दाखवून टच-अपची छोटी बाटली घ्यावी, चरा अल्कोहोलने कोरडा करावा आणि टोकदार काडीने रंग चऱ्यातच, पातळ थरांनी सोडावा. दोन थरांच्या मध्ये तो वाळू द्यावा. जवळून पाहिले तर डाग दिसेल, पण पाणी पत्र्यापर्यंत पोचणार नाही.