खुराड्याचं दार आणि ढगांवरचा आळ

ठाण्यातला मानपाडा आज घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींसाठी ओळखला जातो. पण त्याच्या पाठीशी येऊरचा डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे. अशा रानाच्या कडेला कोंबड्या पाळायच्या तर रानमांजर, उदमांजर, क्वचित बिबट्या यांचा विचार आधी करावा लागतो. खुराड्याचं दार बिबट्याला रोखेल अशी आशा कुणी बाळगू नये, पण बाकीच्यांना ते नक्की रोखतं. अट एकच, ते तिन्हीसांजेला लागलं पाहिजे. नेमक्या त्या वेळी ठाण्या-डोंबिवलीतली निम्मी कमावती माणसं लोकलमध्ये असतात. म्हणून सौरऊर्जेवर आपोआप उघडणारं-मिटणारं दार मला चैनीची वस्तू वाटत नाही. हे दार पावसाळ्यात अडतं आणि सगळे म्हणतात, ऊन नाही, बॅटरी उतरली. माझं म्हणणं असं की हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो, आणि त्यापायी खरा बिघाड तसाच राहून जातो.

हिशेब मांडून पाहू. बारा व्होल्टची लहान मोटर एक अँपियर वीज घेते आणि दार उघडायला वीस सेकंद, लावायला वीस सेकंद लागतात असं धरा. दिवसाचा खर्च अँपियर-तासाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. याउलट मोटरला हुकूम देणारा नियंत्रक अहोरात्र जागा असतो. तो दहाच मिलिअँपियर घेत असला तरी दिवसाला 0.24 अँपियर-तास खातो, म्हणजे मोटरच्या वीसपट. दोन्ही मिळून पाव अँपियर-तास. सात अँपियर-तासांची बॅटरी अर्धीच वापरली, तरी सूर्याचं तोंड न पाहता चौदा दिवस निघतात. शिवाय पॅनेल दाट ढगातही अगदी कोरडं राहत नाही. दहा वॉटच्या पॅनेलने दहावा हिस्सा दिला आणि तो पाच तास टिकला, तरी दिवसाची गरज भागते. कुणी म्हणेल, हिशेब कागदावरचा आहे, आमची बॅटरी तर तीन दिवसांत बसते. बसत असेल, पण मग कारण दुसरीकडे शोधायला हवं. नियंत्रक वायफायवाला असेल तर तो एकटाच आठ-दहापट वीज पितो. पॅनेलच्या कोपऱ्यावर झाडाची किंवा नव्या इमारतीची सावली पडली, किंवा रस्त्याच्या कामाची धूळ साचली, तर उत्पादन फार घटतं. आणि शिशाची बॅटरी पत्र्याच्या डब्यात एप्रिल-मे काढते, तेव्हाच तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. पाऊस फक्त ते उघडकीला आणतो.

म्हणून मोठं पॅनेल विकत घेण्याआधी मल्टीमीटर हातात घ्यावा, आणि तोही पहाटे. दुपारी चार्ज होत असताना मेलेली बॅटरीसुद्धा चांगली दिसते. स्वस्थ असताना साडेबारा व्होल्ट दाखवणारी बॅटरी मोटर फिरताच अकराच्या खाली गेली, तर ती बदलायची. बॅटरी टिकते पण मोटरच्या टोकाशी व्होल्ट पडतात, तर खाडीकडच्या दमट हवेने तारेचा जोड हिरवा पडला आहे. तो घासून पुन्हा घट्ट करायचा. दोन्हीकडे व्होल्ट ठीक आणि मोटर नुसती घुरघुरते, तर दोरी सोडून दार हाताने सरकवून पाहावं. लाकूड फुगून खाचेत अडकलेलं असतं, किंवा खाचेत ओला भुसा दडपलेला असतो. पावसाळ्याचा हा खरा गुन्हा: तो वीज हिरावत नाही, ओल भरतो.

त्याचा दुसरा गुन्हा म्हणजे खोटी संध्याकाळ. प्रकाश मोजणारा संवेदक आषाढातल्या दुपारी चार वाजता दार लावून टाकतो आणि कोंबड्या बाहेर राहतात. उलट शेजारच्या एलईडी दिव्याखाली तो रात्रीलाही दिवस समजतो. लंडनमध्ये सूर्य डिसेंबरात चारच्या आत मावळतो आणि जूनमध्ये सव्वानऊनंतर, तिथे उजेडावर चालणारं दार समजू शकतं. ठाण्यात मात्र वर्षभरात सूर्यास्त सहा ते सात वीस एवढाच हलतो. इथे घड्याळ जास्त भरवशाचं. कोंबड्या उजेड पाहून झोपायला जातात, मग दारानेही तेच करावं, हा आक्षेप रास्त आहे. पण सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची वेळ लावली की त्या सहसा आत आलेल्या असतात. ती वेळ एरवी महिन्यातून एकदा सरकवावी, गणपतीपासून दिवाळीपर्यंत पंधरवड्याला, कारण तेव्हा दिवस भराभर लहान होतो. त्याच वेळी घड्याळ किती मिनिटं मागे-पुढे झालंय हेही पाहून घ्यावं.